एकाच हातातले दोन कागद : जनगणना, गोपनीयता आणि मुंबई

जनगणनेत माहिती गुप्त राहते, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. तीच माहिती उद्या आपल्यावर उलटेल या भीतीने दार पुढे लोटणारा माणूसही उगाच घाबरत नसतो. बहुतेक वेळा हे दोघे वेगवेगळ्या कागदांबद्दल बोलत असतात आणि ते कागद वेगळे आहेत हे दोघांनाही कुणी नीट सांगितलेले नसते. मुंबईत हा गोंधळ 2019-20च्या हिवाळ्यात रस्त्यावर आला, पण त्याचे मूळ 2010 सालच्या एका प्रशासकीय निर्णयात आहे आणि त्या निर्णयाची तयारी त्याहून जुनी आहे.

घरी येऊन नोंद करणाऱ्या सरकारी माणसाचा संशय मात्र या शहराला फार पूर्वीपासून आहे. देशव्यापी खानेसुमारी सुरू होण्याआधीच, 1864 साली मुंबईत स्वतंत्र गणना झाली होती. तेव्हा 8,16,562 माणसे मोजली गेली. 1896च्या प्लेगनंतर घरात शिरणारे पथक म्हणजे आजारी माणसाला उचलून नेणारे पथक, असे समीकरण झाले. मार्च 1898मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. 1901च्या गणनेत शहराची लोकसंख्या 1891पेक्षा कमी भरली. मृत्यू आणि पळापळ ही त्याची मुख्य कारणे. पाच वर्षांनी पालिकेने स्वतःहून पुन्हा मोजणी केली तेव्हा आकडा 9,77,822वर गेला होता. 1931च्या गणनेवर सविनय कायदेभंगाची छाया होती. जानेवारीत बहिष्काराचा खास रविवार पाळला गेला, अहमदाबादसारख्या शहरांत दारांवरचे गणनेचे आकडे पुसले गेले. तो विरोध राजकीय होता, खासगीपणाचा नव्हे. पण दारावरचा आकडा पुसण्याची कृती लोकांच्या हाती आली, ती तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतर आलेला 1948चा जनगणना कायदा हा या विषयावरचा पहिला कायमस्वरूपी कायदा. त्याआधी प्रत्येक गणनेसाठी वेगळा, तात्पुरता कायदा केला जाई. या कायद्याचे कलम 15 वाचले की जाणवते, ते लिहिणाऱ्यांना भीतीची पुरेपूर कल्पना होती. गणनेची नोंद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि ती कोणत्याही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद फक्त याच कायद्याखालच्या खटल्यांचा. म्हणजे तुम्ही प्रगणकाला, दारात येऊन नोंद करणाऱ्या माणसाला, घर भाड्याचे आहे असे सांगितले, तर घरमालक ते उत्तर कोर्टात आणू शकत नाही. नवरा-बायकोच्या वादात, वारसाच्या दाव्यात, आयकराच्या चौकशीत ते कागद मुके आहेत. बेकायदा माहिती फोडणारा किंवा अवमानकारक प्रश्न विचारणारा प्रगणकच गुन्हेगार ठरतो. उलट बाजूला, उत्तर देणे नागरिकावर बंधनकारक आहे आणि नकाराला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

याच कायद्याच्या कलम 8मध्ये एक सवलत आहे. घरातल्या स्त्रीचे नाव सांगायला कुणी बांधील नाही. तसेच नवऱ्याचे किंवा रूढीने घेऊ नये अशा माणसाचे नाव सांगायला स्त्री बांधील नाही. नवऱ्याचे नाव फक्त उखाण्यातच ओठांवर येऊ देणाऱ्या पिढीसाठी ही तरतूद होती. आज ती कुणी वापरत नाही, पण तिच्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: राज्याला माहिती हवी आहे, तरीही एका मर्यादेपुढे ते माणसाला बोलायला लावणार नाही.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच त्याच्या कडेने एक वाट काढली गेली. 1951च्या गणनेच्या चिठ्ठ्यांवरून नावे उतरवून एक नागरिक नोंदवही बनवण्यात आली. आसामात तिचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने कलम 15वर बोट ठेवून ती नोंदवही पुरावा म्हणून नाकारली. पण अनेक दशकांनी, नव्या नोंदवहीच्या वेळी, त्याच जुन्या यादीतले नाव लोकांसाठी वारशाचा दाखला बनले. मोजण्यासाठी दिलेले नाव ओळखण्यासाठी वापरले गेले, याचे हे आपल्याकडचे पहिले मोठे उदाहरण.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र गणनेचा अर्थ याच्या नेमका उलटा आहे, आणि शहराबाहेरच्या लेखनात ही बाजू हमखास सुटते. 4 जानेवारी 1976 रोजी राज्य सरकारने शहरातल्या झोपड्यांची एकाच दिवसात गणना केली. सुमारे 28 लाख माणसे त्यात मोजली गेली. ज्याची झोपडी मोजली गेली त्याला फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे फोटो असलेले ओळखपत्र, मिळाला आणि ज्याची सुटली तो वाऱ्यावर राहिला. पुढे 1980, 1985, 1995, 2000 अशा पात्रतेच्या तारखा बदलत गेल्या, पण सूत्र तेच राहिले: यादीत असाल तर पात्र, नसाल तर अपात्र. ही गणना 1948च्या कायद्याखालची नव्हती. तिच्यात गुप्तता अपेक्षितच नव्हती. उलट तिचा कागद दाखवता यावा म्हणूनच ती होती.

त्यामुळे धारावी, गोवंडी, मालवणी इथे दहा वर्षांच्या जनगणनेचा शिक्षक दारात येतो तेव्हा लोक दोन्ही गोष्टी एकदम करतात. आपले नाव नक्की लिहा म्हणून ते आग्रह धरतात आणि घराच्या मालकीच्या प्रश्नावर गप्प होतात. घर स्वतःचे की भाड्याचे? खोली भाड्याने दिलेली असेल आणि भाडेकरूने खरे सांगितले, तर पुनर्वसनात मूळ मालक अपात्र ठरेल ही धास्ती असते. भाडेकरूला तर आधीच पढवलेले असते की विचारले तर 'मामाचे घर' सांगायचे. कलम 15 इथे दोघांनाही पूर्ण संरक्षण देते, पण दारातल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत पुनर्विकासासाठी दारांवर आकडे टाकणारी, मोबाइलवर फोटो घेणारी, अंगठे घेणारी सर्वेक्षणे झाली. आज खडूने आकडा टाकणारा कोणत्या खात्याचा आहे, हे ओळखणे खरोखर कठीण झाले आहे.

चाळीत अडचण वेगळी असते. 2011च्या फेब्रुवारीत लालबागच्या एका चाळीत प्रगणकबाई गॅलरीत स्टुलावर बसून एकेका खोलीची अनुसूची भरताना मी पाहिल्या आहेत. शेजारच्या तिघी कठड्याला टेकून उभ्या. धर्म, जात अनुसूचित असेल तर कोणती, अपंगत्व आहे का, असे करत गाडी विवाहित स्त्रियांच्या प्रश्नांवर आली. "मुलं किती झाली? त्यातली हयात किती?" सुनेने तोंड उघडायच्या आत सासूने आतून सांगून टाकले, "दोन. दोन्ही आहेत." बाईंनी लिहिले आणि पान उलटले. सून काही बोलली नाही. कलम 15 सरकारी दप्तराला कुलूप लावते, गॅलरीला नाही. मतिमंद मूल, गेलेले बाळ, परित्यक्ता मुलगी, घरातला स्त्री-पुरुषांपलीकडच्या तिसऱ्या वर्गात नोंद करू पाहणारा माणूस, या सगळ्यांची उत्तरे सरकारच्या भीतीने नव्हे, शेजाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या भीतीने बदलतात.

आता 2010च्या त्या निर्णयाकडे. 2003 साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि डिसेंबरात त्याचे नियम आले. प्रत्येक नागरिकाची सक्तीची नोंदणी आणि त्यासाठी आधी रहिवाशांची एक नोंदवही, म्हणजे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही, अशी ती रचना. सगळे तिला एनपीआर म्हणतात. 26/11च्या हल्ल्यानंतर ती आधी किनाऱ्यावरच्या गावांत करायचे ठरले. समुद्रातून आलेल्या दहा जणांमुळे देशाच्या ओळख-नोंदवहीला वेग आला आणि तो मुंबईच्याच जखमेतून आला, हे विसरले जाते.

मग 2010च्या उन्हाळ्यात जनगणनेचा पहिला टप्पा, म्हणजे घरयादी, आणि ही नोंदवही एकत्र उरकण्याचे ठरले. तोच शिक्षक, तीच पिशवी, त्याच दारात तोच वेळ, पण कागद दोन. घरयादीच्या कागदावर भिंत कशाची, पाणी कुठून, संडास आहे का, हे 35 प्रश्न. ते 1948च्या कायद्याखाली गुप्त. दुसऱ्या कागदावर नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व. तो नागरिकत्वाच्या नियमांखाली. त्याला कलम 15चे कवच नाही. उलट यादी स्थानिक पातळीवर लावून हरकती मागवणे हाच त्या पद्धतीचा भाग. 2003च्या नियमांत पुढे असेही आहे की पडताळणीत एखाद्याचे नागरिकत्व संशयास्पद वाटले तर स्थानिक अधिकारी तशी खूण करू शकतो.

पैसे आणि मनुष्यबळ वाचावे हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. लाखो शिक्षकांना दोनदा दारोदार पाठवणे परवडणारे नव्हतेच. माझे म्हणणे एवढेच की वाचवलेल्या त्या पैशापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट त्या दिवशी खर्च झाली. कलम 15 साठ वर्षांत कमावलेला विश्वास दुसऱ्या कागदाला उसना दिला गेला. लोकांनी दोन्ही उत्तरे एकाच माणसाला, 'जनगणनावाले आलेत' म्हणून दिली.

यावर कडी म्हणजे लगेच 2011मध्ये सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणना सुरू झाली. नावात गणना, पण तीही 1948च्या कायद्याबाहेर. तिच्यातली वैयक्तिक माहिती सरकारी खात्यांना योजनांचे लाभ द्यायला किंवा नाकारायला वापरता येईल, असे उघड सांगितलेले होते. म्हणजे दोन-तीन वर्षांत एकाच घराने तीन वेगवेगळ्या नोंदी दिल्या. त्यातल्या एकीलाच कुलूप होते.

हा प्रश्न दुसऱ्या एका देशात याआधीच न्यायालयात तडीस गेला होता. पश्चिम जर्मनीत डिसेंबर 1983मध्ये घटनात्मक न्यायालयाने जनगणनेचे प्रश्न विचारायला हरकत घेतली नाही, पण गणनेची माहिती रहिवासी नोंदवहीशी ताडून पाहण्याची तरतूद रद्द केली. आकडेवारीसाठी घेतलेले आकडेवारीपुरतेच, कारभारासाठी नाही. आपल्याकडे 2017मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, पण तो निकाल येईपर्यंत दोन कागदांची सवय जुनी झाली होती. 2015-16मध्ये नोंदवही घरोघरी जाऊन अद्ययावत करण्यात आली, त्यात आधार क्रमांकही जोडला गेला. तेव्हा फारसे कुणी हटकले नाही.

हटकले गेले ते डिसेंबर 2019मध्ये. नागरिकत्वाचा नवा कायदा नुकताच झाला होता आणि 24 डिसेंबरला केंद्राने जनगणनेसाठी 8,754 कोटी आणि नोंदवहीसाठी 3,941 कोटी रुपये एकाच दिवशी मंजूर केले. पुन्हा एकच फेरी, दोन कागद. या वेळी दुसऱ्या कागदावर आई-वडिलांचे जन्मठिकाण आणि जन्मतारीखही येणार होती. त्याआधी 19 डिसेंबरला ऑगस्ट क्रांती मैदान निदर्शकांनी भरले होते. 26 जानेवारीच्या रात्रीपासून नागपाड्याजवळ मोरलँड रोडवर बायकांनी ठिय्या दिला, तो मार्चपर्यंत चालला. तिथल्या 'कागज नहीं दिखाएंगे'चा रोख नोंदवहीवर होता, जनगणनेवर नाही. पण गल्लीत उतरेपर्यंत तो फरक उरला नाही. देशात कितीतरी ठिकाणी साध्या नमुना पाहणीच्या आणि आरोग्याच्या कर्मचाऱ्यांनाही लोकांनी परत पाठवले. कागदपत्रे मागणार नाही, कुणावर संशयाची खूण करणार नाही, असे आश्वासन मार्चमध्ये संसदेत मिळाले, नियम मात्र बदलले नाहीत. राज्यातल्या तेव्हाच्या आघाडीतही या नोंदवहीवर एकमत नव्हते. 25 मार्च 2020 रोजी कोविडमुळे दोन्ही कामे पुढे ढकलली गेली आणि वाद न सुटता थांबला.

जून 2025मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मोजणी मोबाइल ॲपवर होणार असून लोकांना स्वतःही माहिती भरता येईल. चाळीतल्या गॅलरीचा प्रश्न त्याने काही अंशी सुटेल. घरातल्या सासूचा सुटणार नाही, कारण एका कुटुंबाचा अर्ज एकच जण भरणार. घरयादीच्या 33 प्रश्नांत शेवटी मोबाइल क्रमांक आहे, केवळ जनगणनेच्या संपर्कासाठी म्हणून. दुसऱ्या टप्प्यात 1931नंतर पहिल्यांदाच सर्वांची जात विचारून प्रसिद्धीसाठी मोजली जाईल. अधिसूचनेत लोकसंख्या नोंदवहीचा उल्लेख नाही. 2003चे नियम रद्दही झालेले नाहीत.

तेव्हा प्रगणक दारात आला की त्याचे ओळखपत्र पाहावे आणि हा कागद कोणत्या कायद्याखालचा आहे, एवढे सरळ विचारावे. 1948चा असेल तर मालकीपासून जातीपर्यंत सगळे खरे सांगावे, आणि हवे असल्यास त्याला आत बोलावून, दार लावून सांगावे. उत्तर द्यायला तो बांधील आहे की नाही यावर वाद घालत बसू नये. बहुतेक वेळा तो पालिका शाळेतला मास्तर असतो आणि त्याला प्रशिक्षणात हा फरक सांगितलेला असला पाहिजे. नसेल, तर तो दोष त्याला पाठवणाऱ्यांचा आहे.