वॅग्नरचं कार्ड, ८ नंबरची ग्रेड आणि बेसबॉल कार्डांचा लिलाव बाजार: पार्श्वभूमी

जुन्या बेसबॉल कार्डांच्या लिलावाची बातमी आली की सगळी चर्चा आकड्यावरच अडकते. ऑगस्ट २०२२ मध्ये १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटलचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, २०२४ मध्ये बेब रूथने १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये घातलेली जर्सी २ कोटी ४१ लाखांना गेली, आणि मग हमखास कोणीतरी म्हणतं की हे सगळं कोविडमध्ये घरी बसलेल्यांनी वाढवून ठेवलंय. थोडं खरंय ते. कोविडमध्ये पैसा प्रचंड आला. पण तो पैसा ज्या सिस्टिममधून फिरतोय, म्हणजे सीलबंद प्लास्टिकचा डबा, त्यावर कार्डाची कंडिशन सांगणारा १ ते १० मधला एक नंबर आणि त्या नंबरवर ठरणारी किंमत, ती तीसेक वर्षं आधीच उभी राहिली होती. मँटलचं ते कार्ड विकणाऱ्याने घेतलं होतं १९९१ मध्ये, ५० हजार डॉलरला. आणि १९९१ मध्येच असं काहीतरी झालं ज्यावरून आजही कलेक्टर लोकांत भांडणं लागतात.

त्याच्या आधीचा इतिहास पटकन उरकतो. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून पाचशेहून जास्त कार्डांचा एक सेट आला, ज्याला आज सगळे टी२०६ म्हणतात. त्यातलं पिट्सबर्गच्या बेसबॉल टीममधल्या होनस वॅग्नरचं कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबवलं गेलं. का, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक, पोरांनी कार्डासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होतं. दुसरी, त्याला पैसे हवे होते ते मिळाले नाहीत. तो स्वतः तंबाखू चघळायचा म्हणून पहिली गोष्ट लोकांना पचत नाही, पण स्वतः खाणारा माणूस पोरांना नको म्हणू शकतोच की. ते असो. आज ही कार्डं साठेकच माहिती आहेत. टी२०६ हा नंबर दिला सिराक्यूजच्या एका कलेक्टरने, ज्याने १९३० च्या दशकात सगळ्या कार्डांची यादी करायला घेतली आणि शेवटी आपली तीन लाखांच्या वर कार्डं नि कागद न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमला देऊन टाकले. त्याच्या यादीतही वॅग्नर सगळ्यात महाग होता, ५० डॉलर. मँटलचं कार्ड दुर्मिळ व्हायचं कारण वेगळं. १९५२ च्या सेटचा शेवटचा भाग सीझन संपता संपता बाजारात आला, खपला नाही, आणि १९६० मध्ये उरलेली खोकी बोटीवर घालून अटलांटिकमध्ये बुडवली, असं ती छापणाऱ्या कंपनीच्याच माणसाने सांगितलंय.

मग १९८० चं दशक. आपल्याकडे बबलगमसोबत क्रिकेटरांची कार्डं यायची आणि ती शाळेच्या दप्तरातच झिजून जायची, तिकडेही मागच्या पिढीच्या कार्डांचं तेच झालं होतं, आयांनी ती कचऱ्यात टाकली होती. म्हणून जी वाचली ती महाग झाली, हे बघून लोकांनी नवी कार्डं पेट्याच्या पेट्या भरून ठेवायला सुरुवात केली, कंपन्यांनी मागणी बघून छापतच सुटायचं ठरवलं, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी छापलेल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचा भाव आहे. पण याच काळात मोठा पैसा जुन्या कार्डांकडे वळला, आणि जुन्या कार्डाचा सगळा खेळ कंडिशनचा. कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, चित्र मधोमध आहे का. हे ठरवायचं कोणी, तर विकणाऱ्यानेच. त्याचं मिंट, म्हणजे अगदी करकरीत, ते तुमचं ठीकठाक. फोनवर, पोस्टाने कार्डं विकली जायची, त्यामुळे भांडणं रोजचीच.

आता वॅग्नरच्या त्या एका कार्डाकडे येऊ, कारण सगळं तिथेच येऊन मिळतं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका डीलरने हे कार्ड २५ हजार डॉलरला घेतलं. इतकं करकरीत वॅग्नर कोणी पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षांत त्याने ते कॅलिफोर्नियातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानांच्या मालकाला १ लाख १० हजारांना विकलं. १९९१ मध्ये त्या मालकाने अख्खं कलेक्शन न्यूयॉर्कच्या एका जुन्या लिलाव कंपनीकडे दिलं, चित्रं आणि दागिने विकणाऱ्या, आणि हातोडा पडला ४ लाख १० हजारांवर, वर खरेदीदाराचं १० टक्के कमिशन, म्हणून आकडा ४ लाख ५१ हजार. (रेकॉर्डचे आकडे जवळजवळ नेहमी कमिशन धरूनच छापतात, आणि आता ते कमिशन २० टक्के किंवा त्याच्याही वर असतं, हे वाचताना विसरायला होतं.) घेणारे दोघं होते, आइस हॉकीतला सगळ्यात मोठा खेळाडू आणि त्याच्या टीमचा मालक. मालक पुढे बँकांना फसवल्याबद्दल जेलमध्ये गेला, ती वेगळी कथा.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एक ग्रेडिंग कंपनी सुरू झाली. आयडिया नाण्यांच्या धंद्यातून उचललेली. तिसऱ्या माणसाने कार्ड तपासायचं, नंबर द्यायचा, डब्यात सील करायचं. सुरुवातीला कलेक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही, म्हणजे माझं कार्ड कसंय हे मला पैसे देऊन दुसऱ्याने का सांगावं. मग त्या कंपनीने पहिलं ग्रेड केलेलं कार्ड म्हणून हेच वॅग्नर आणलं. सर्टिफिकेट नंबर १. ग्रेड ८. यानंतर ग्रेडिंग हा मजेचा विषय राहिला नाही.

प्रॉब्लेम असा की कार्ड कापलेलं होतं. ट्रिम करणं म्हणजे झिजलेली कड ब्लेडने बारीकशी उडवायची, की कोपरा परत टोकदार. ग्रेडिंगच्या नियमात ट्रिम केलेल्या कार्डाला नंबरच मिळत नाही, फार तर अस्सल आहे पण फेरफार केलेलं, एवढं लिहून देतात. या कार्डाबद्दल कुजबुज आधीपासून होती. पहिल्या ग्रेडिंग टीममधल्या एकाने पुढे पत्रकारांना सांगितलंच की कार्ड कापल्याचं आम्हाला कळलं होतं, पण इतक्या भारी कार्डाला ट्रिम्ड म्हणणं त्यांना पाप वाटलं. त्यांच्या बाजूने एक वाद घातला जातो. हे कार्ड पाकिटातून आलेलंच नसावं, छापखान्यातल्या अख्ख्या शीटवरून नंतर कोणीतरी कापलं असावं, आणि शीटवरून कापणं म्हणजे झिजलेलं कार्ड तासणं नव्हे. तांत्रिकदृष्ट्या फरक आहे, मान्य. पण हा फरक डब्यावर लिहिलेला नव्हता. ८ लिहिलं होतं. घेणाऱ्याने ८ चे पैसे दिले.

आणि देतच राहिले. १९९५ मध्ये एका सुपरमार्केट चेनने कार्डं खपवायच्या स्पर्धेचं बक्षीस म्हणून ५ लाखांना घेतलं, फ्लोरिडातल्या एका पोस्टाच्या कर्मचारी बाईला ते लागलं, टॅक्स भरणं परवडेना म्हणून १९९६ मध्ये लिलावात गेलं, ६ लाख ४१ हजार ५००. २००० मध्ये ऑनलाइन १२ लाख ६५ हजार. २००७ मध्ये एकाच वर्षात दोनदा विकलं, आधी २३ लाख ५० हजार, मग २८ लाख, आणि तेव्हापासून ते ॲरिझोनाच्या बेसबॉल टीमच्या मालकाकडे आहे.

१९८५ चा तो डीलर मधल्या काळात देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पोर्ट्स लिलाव कंपनीचा मालक झाला होता. एफबीआयच्या तपासानंतर २०१२ मध्ये आरोपपत्र आलं, त्यातला मुख्य मुद्दा खोट्या बोलींचा होता, म्हणजे गिऱ्हाइकाने ठेवलेली कमाल बोली माहिती असायची आणि आपलीच माणसं खोटी बोली लावून किंमत तिथपर्यंत चढवायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्यातच हेही कबूल केलं की वॅग्नरच्या बाजूच्या कडा मी कापल्या होत्या. अनेक वर्षं तो नाही म्हणत आला होता. २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. डब्यावरचा ८ मात्र तसाच आहे. बरेच लोक म्हणतात की आता ते इतिहासाचं कार्ड झालंय, नंबर बदलून काय मिळवायचं. मला हे पटत नाही, कारण त्याच ग्रेडिंग कंपनीने याच दोषासाठी इतर किती कलेक्टरांची कार्डं नंबर न देता परत पाठवली आहेत.

कबुलीने बाजार बसेल असं वाटणारे चुकले. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरं एक वॅग्नर, ग्रेड ३, म्हणजे चांगलंच मळलेलं, ६६ लाखांना गेलं आणि २०२२ मध्ये ग्रेड २ चं एक खासगी सौद्यात ७२ लाख ५० हजारांना. दोन्ही दुसऱ्याच ग्रेडिंग कंपनीच्या डब्यात होती. वॅग्नरमध्ये लोकांना शेवटी कार्डच हवंय असं त्यातून दिसतं. मँटलचं उलट आहे, ती कार्डं वॅग्नरच्या मानाने बऱ्यापैकी मिळतात, त्यामुळे एका नंबरने किंमत कुठल्या कुठे जाते, आणि जिथे नंबरने इतका फरक पडतो तिथे ब्लेड घेऊन बसणारे असतातच. २०१९ मध्ये काही हौशी कलेक्टरांनी जुन्या लिलावांचे फोटो आणि नव्याने ग्रेड झालेल्या कार्डांचे फोटो शेजारी ठेवले, डाग आणि छपाईचे ठिपके जुळवले, आणि तीच कार्डं कापून, साफ करून जास्त नंबर घेऊन परत विकायला आल्याचं दाखवून दिलं. हे काम ग्रेडिंग कंपन्यांचं होतं, पगार नसलेल्या माणसांनी केलं.

मग कोविड. २०२१ च्या मार्चमध्ये कार्डांचा इतका ढीग साचला की त्या पहिल्या ग्रेडिंग कंपनीला बहुतेक सेवा काही काळ बंद कराव्या लागल्या. त्याच्या थोडं आधीच गुंतवणूकदारांच्या एका गटाने तिची मूळ कंपनी साधारण ८५ कोटी डॉलरला घेतली होती. त्याच गटाने त्याच वर्षी एक मोठं लिलाव घरही घेतलं, म्हणजे नंबर देणारा आणि विकणारा एकाच छपराखाली. २०२४ मध्ये लिलाव घर एका ऑनलाइन बाजाराला विकून टाकलं, पण त्याच वर्षी ती दुसरी ग्रेडिंग कंपनीसुद्धा घेतली, जिच्या डब्यात ती दोन महागडी वॅग्नर होती. ग्रेडिंगची फी आजही कार्डाच्या किमतीनुसार घेतात, आणि नंबर चांगला येऊन किंमत वरच्या टप्प्यात गेली तर फीचा फरक मागाहून लावतात.