रक्त, हाडं आणि विदर्भाची माती

मटणाच्या ओट्यामागं पडणारं रक्त, ओझरीतला (जनावराच्या पोटातला अर्धवट पचलेला) चोथा, आतडी, हाडं यांपासून गॅस आणि खत करायचं म्हटलं की लोकांना ही परदेशातून आलेली कल्पना वाटते. विदर्भात तिची मुळं नव्वद वर्षं जुनी आहेत.

1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचं काम पाहत. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय होतं. मेलेल्या ढोराचं कातडं कमवायचंच, पण हाडं, मांस, चरबीही वाया जाऊ द्यायची नाही, अशी तिथली शिस्त. एरवी इंग्रजांच्या अमदानीत इथली हाडं गोळा होऊन बोटीनं परदेशी जात आणि त्यांच्याबरोबर जमिनीचा स्फुरद (फॉस्फरस) हाही जाई.

हे काम गावोगाव रुजलं नाही, याचं मोठं कारण जात. ढोर ओढणं, सोलणं ठरावीक वस्त्यांवर लादलेलं होतं. 1927 ला महाडमध्ये डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भात अनेक वस्त्यांनी असली कामं टाकून दिली आणि योग्यच केलं. उरलेल्या गावानं ती आपली मानली नाहीत. मग ढोर गावाबाहेर आणि रक्त नालीत.

गॅसचा इतिहास निराळा आहे. जशभाई पटेलांचं तरत्या टाकीचं गोबरगॅस संयंत्र खादी आयोगानं 1960 च्या दशकात खेड्यांत नेलं, पण ते शेणाचंच राहिलं. त्याला शास्त्रीय कारणही आहे. शेणात नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागाला कार्बनचे वीस-पंचवीस भाग असतात, रक्तात जेमतेम तीन. नुसतं रक्त टाकलं तर अमोनिया वाढून जिवाणू मंदावतात. चरबीची वर साय धरते. ओझरीतला चोथा मात्र जिवाणूंनी भरलेला, शेणासारखाच चालणारा. रक्त थोडं, शेण आणि सोयाबीनचं कुटार (भुसा) जास्त, असं मिश्रण केलं तर टाकी चालते.

कायदाही अर्ध्यावरच थांबला. कत्तलखान्याच्या कुजणाऱ्या कचऱ्याचा उपयोग करावा, असं 2000 च्या घनकचरा नियमांत होतं, पण ते नगरपालिकांच्या हद्दीपुरतं. 2018 ला शेण-कचऱ्यापासून गॅस आणि खत करायची केंद्राची गोबरधन योजना खेड्यांपर्यंत आली. 2015 पासून राज्यात बैल कापण्यास बंदी असल्यानं ओट्यावर येतो तो मुख्यतः बोकड-कोंबडीचा माल, तोही एका जागी थोडाच. म्हणून वेगळा कारखाना काढण्यापेक्षा गावातल्या शेणाच्या संयंत्रालाच तो जोडणं सोयीचं.

रोगजंतू मारायला हा माल बारीक करून 70 अंशांवर तासभर तापवावा लागतो. त्यासाठीचं यंत्र, पाणी, हातमोजे आणि काम करणाऱ्याचा पूर्ण पगार ग्रामपंचायतीनं अंदाजपत्रकात टाकीच्या आधी धरावा. नाहीतर हे काम पुन्हा त्याच वस्तीच्या दारात जाईल.