पॉलिमर इन्सुलेटरवरील ओले प्रदूषण

उच्चदाब वाहिन्यांच्या तारा खांबापासून विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणाऱ्या पॉलिमर इन्सुलेटरवर साचलेली धूळ, राख किंवा क्षार भिजल्यामुळे त्याची रोधक्षमता घटणे. नुसती कोरडी धूळ फारसे बिघडवत नाही, स्वच्छ पाणीही नाही. दोन्ही एकत्र आली की क्षार विरघळतात आणि पृष्ठभागावरून गळती-प्रवाह वाहू लागतो. त्याच्या उष्णतेने थराचा एखादा पट्टा आधी सुकतो, जवळजवळ सगळा विद्युतदाब त्या पट्ट्यावर एकवटतो आणि चरचर आवाज करत ठिणग्या उडतात. त्या लांबत जाऊन दोन्ही टोके जोडली गेली की फ्लॅशओव्हर होऊन लाईन ट्रिप होते.

चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो. पॉलिमर इन्सुलेटरच्या सिलिकॉन रबरी आवरणावर मात्र अळवाच्या पानासारखे सुटे थेंब राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रबरातील हलके सिलिकॉन रेणू वर झिरपून धुळीच्या थरालाही जलरोधी करतात. याला काही तास ते काही दिवस लागतात, आणि बेळगाव सीमाभागात नेमकी इथेच गोम आहे. वळवाच्या संध्याकाळी आधी वावटळ उठते, लगेच सरी येतात. ताज्या धुळीला जलरोधी व्हायला उसंतच मिळत नाही. चिकोडी, हुक्केरी, रायबागच्या ऊसपट्ट्यात पाचट जाळल्यावर उडणाऱ्या राखेत पाण्यात विरघळणारे पोटॅशियमचे क्षार असतात. त्यावर हिवाळ्यातले दव पडले तरी पुरते. जोरदार पाऊस उलट थर धुऊन काढतो, म्हणून मुसळधारेपेक्षा भुरभुर अधिक घातक. खानापूरच्या घाटपट्ट्यातली अडचण वेगळी: दिवसेंदिवस भिजत राहिल्याने रबराचा जलरोधी गुण तात्पुरता ओसरतो, उघडीप मिळाली की तो बहुधा परततो.

रबर किती जलरोधी उरले आहे, हे पाण्याचा फवारा मारून पाहतात व १ ते ७ असा वर्ग देतात. १ म्हणजे सुटे गोल थेंब, ७ म्हणजे सलग ओला पापुद्रा. प्रदूषणाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरवरील मिठाच्या समतुल्य मिलिग्रॅममध्ये मोजतात. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६०८१५ या मानकमालेत तिच्यानुसार इन्सुलेटरची निवड आणि क्रीपेज अंतर, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेली वाट, ठरवण्याचे मार्गदर्शन आहे.

वारंवार ठिणग्या बसल्या की रबर झिजते, कोळशासारख्या रेघा उमटतात. ही झीज लांबवण्यासाठी रबरात ॲल्युमिना ट्रायहायड्रेट मिसळतात. चिनी मातीची फुटकी चकती खालून दिसते, पॉलिमरचे दुखणे तसे दिसत नाही. आवरणाला भेग पडून आतल्या फायबर-ग्लासच्या दांड्यापर्यंत ओल गेली, तर कोरोनामुळे, म्हणजे उच्चदाबाने हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गामुळे, तयार होणाऱ्या नायट्रिक आम्लाने काचतंतू ठिसूळ होतात आणि दांडा नेहमीच्या ताणाखालीही तुटू शकतो. दांडा उघडा पडला की धुणे-पुसणे निरुपयोगी. इन्सुलेटर बदलावाच लागतो.