युनिक्सचा विद्यापीठांतील प्रसार

केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली. पुढच्या दीड दशकात ती अनेक देशांच्या विद्यापीठांत रुजली. तिची आटोपशीर रचना याला कारण होतीच, पण परवान्याचा भाग त्याहून मोठा मानावा लागतो.

बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी हिची दूरध्वनी सेवेत जवळजवळ मक्तेदारी होती. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तिला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स बाजारात विकण्याऐवजी ती शिक्षणसंस्थांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह (म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या, वाचता-बदलता येणाऱ्या मूळ मजकुरासह) दिली जाई. मात्र कंपनी चुका दुरुस्त करून देत नसे आणि अडचण आली तर मदतही करत नसे. ही उणीवच पथ्यावर पडली. कोड हाती होता आणि वाली कोणी नव्हता, म्हणून विद्यापीठांतली मंडळी स्वतःच दुरुस्त्या करून त्या टेपवर एकमेकांना पाठवू लागली.

यंत्राची किंमतही महत्त्वाची होती. युनिक्स ज्यावर चाले तो पीडीपी-११ हा मिनीकॉम्प्युटर मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या मानाने स्वस्त असल्याने एखाद्या विभागालाही तो घेणे शक्य होते. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा (कर्नल, म्हणजे यंत्रावर थेट ताबा ठेवणारा मुख्य भाग) सी या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे तो वाचणे सोपे झाले आणि पुढे दुसऱ्या यंत्रांवर नेणेही. टॉम्प्सन व रिची यांचा युनिक्सवरील शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मागणी वाढली.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७४ मध्येच युनिक्स आली होती. १९७५-७६ मध्ये टॉम्प्सन तेथे वर्षभर अभ्यागत प्राध्यापक होते. बिल जॉय आदी विद्यार्थ्यांनी केलेल्या सुधारणांतून बीएसडी ही युनिक्सची बर्कलीतील शाखा निघाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेच्या पैशातून १९८३ मध्ये आलेल्या ४.२बीएसडी या आवृत्तीमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे संगणकांना नेटवर्कवर जोडणारे नियम, अंगभूत होते. नेटवर्कवर संशोधन करणाऱ्या विभागांना मग दुसरीकडे पाहण्याचे फारसे कारण उरले नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांचे काम विशेष आहे. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा सुमारे ९,००० ओळींचा कोड आणि त्यावरचे भाष्य त्यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केले. प्रत्यक्ष वापरातली अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम एका सत्रात ओळीओळीने वाचता येते, हे त्यातून दिसले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवण्यास बंदी घातली, तेव्हा या भाष्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरू लागल्या. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन होऊन धंद्यावरचे निर्बंध उठले आणि परवाने महागले.

ॲमस्टरडॅममधील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये युनिक्सचा कोड न वापरता, केवळ शिकवण्यासाठी मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स या युनिक्ससारख्याच सिस्टिमचे काम सुरू केले ते मिनिक्स चालणाऱ्या संगणकावरच. १९९२ मध्ये लिनक्सला जीपीएल हा कोड मुक्तपणे वापरू, बदलू आणि वाटू देणारा परवाना मिळाला आणि कोड वर्गात दाखवण्याला परवान्याची आडकाठी राहिली नाही.

मॅकिंटॉश आणि विंडोजही विद्यापीठांत पोहोचल्या, पण वेगळ्या वाटेने. ॲपलने १९८४ पासून निवडक अमेरिकी विद्यापीठांशी करार करून सवलतीत संगणक दिले. तो प्रसार वापरणाऱ्यांमध्ये झाला. ऑपरेटिंग सिस्टिमची रचना शिकवणाऱ्या वर्गांत मात्र युनिक्सचीच परंपरा प्रभावी राहिली.