नाकातल्या श्वासावर वाजणारी पायवान बासरी

तैवानच्या दक्षिणेला, पिंगतुंग आणि ताईतुंग भागांतल्या डोंगरांत पायवान आदिवासी राहतात. त्यांची एक बासरी नाकाने वाजवतात. बांबूच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बांधलेल्या, एकेक नळी एकेका नाकपुडीशी टेकवलेली. एका नळीला बोटांसाठी छिद्रं असतात, दुसरीला नसतात. पहिलीवर सुरावट फिरते, दुसरी एकच सूर धरून राहते. गारुड्याच्या पुंगीतही एक नळी असाच सूर धरते. मात्र पुंगीत आवाज पात्याच्या थरथरण्यातून निघतो, बासरीत नुसत्या हवेतून.

हवेचा पातळ झोत छिद्राच्या कडेवर आदळला की तो कडेच्या आत-बाहेर वेगाने हेलकावू लागतो आणि नळीतल्या हवेला कंप पावत ठेवतो. दोन्ही टोकांना उघड्या, 40 सेंटिमीटर लांबीच्या नळीचा मूळ सूर सेकंदाला सुमारे 430 कंपनांचा असतो. ओठ आवळून झोताला हवा तसा आकार देता येतो. नाकपुडीला ते जमत नाही. म्हणूनच नाकाच्या बासरीचा आवाज मृदू, जवळ बसून ऐकण्याचा.

खरी गंमत दोन नळ्यांच्या संगतीत आहे. श्वास एकच, त्यामुळे दम किंचित वाढला की दोन्ही सूर एकदम चढतात. त्यातून ते जवळजवळ जुळले, समजा एक 430 कंपनांचा आणि दुसरा 433 चा, तर आवाज सेकंदाला तीनदा भरतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. कानाला तो हुंदक्यासारखा वाटतो, आणि मला तरी त्यात नवल वाटत नाही, कारण पायवान लोक या बासरीचा स्वर रडण्याशीच जोडतात. मानाच्या घराण्यात कुणी गेलं की शोक करणाऱ्यांच्या सोबतीने ती वाजवली जाई. तरुण आपल्या आवडत्या मुलीच्या दारीही बासरी वाजवत. बासरीचा आवाज ‘शंभर पावलांच्या’ (चावल्यावर माणूस शंभर पावलांत मरतो, अशी समजूत असलेल्या) विषारी सापाच्या फुत्कारासारखा असल्याचंही सांगतात. हा साप तिथल्या सरदार घराण्यांचा पूर्वज मानला जातो.

विसाव्या शतकात ही बासरी वाजवणारे फार थोडे उरले. मानववंशशास्त्रज्ञ हू ताई-ली यांनी वृद्ध वादकांकडे बसून त्यांचं वादन आणि आठवणी नोंदवल्या. 2011 मध्ये तैवान सरकारने पायवानांच्या तोंडाच्या आणि नाकाच्या बासऱ्यांना महत्त्वाच्या पारंपरिक कलेचा दर्जा दिला. पूर्वी हे पुरुषांचं वाद्य होतं. आता मुलीही ते शिकतात.