व्हॉडव्हिल : कार्यक्रमाचा क्रम आणि प्रेक्षकांची दाद

व्हॉडव्हिल हा अमेरिका व कॅनडातील विविधरंजनाचा प्रकार. साधारण १८८० ते १९३० या काळात तो तिथल्या करमणुकीच्या धंद्याचा कणा होता. एका तिकिटात आठ-नऊ स्वतंत्र ॲक्ट पाहायला मिळत: कसरती, शिकवलेली जनावरे, गाणे, नाच, जादू, विनोदी बतावणी, एखादे नाटुकले. त्यांच्यात कथानकाचा धागा नसे. एका ॲक्टचा दुसऱ्याशी संबंध यायचा तो क्रमापुरता. मात्र कोण रंगणार आणि कोण पडणार, हे बऱ्याच अंशी त्या क्रमावरच ठरे. चांगला ॲक्ट चुकीच्या जागी लावला की मार खाई आणि बेताचा ॲक्ट योग्य जागी निभावून जाई.

प्रेक्षकवर्ग
आधीचे विविधरंजन दारूच्या गुत्त्यांना जोडलेल्या सभागृहांत चाले आणि तिथे बहुतेक पुरुषच जात. टोनी पास्टर याने २४ ऑक्टोबर १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर बायकामुलांना आणता येईल असे स्वच्छ थिएटर उघडले. बॉस्टनच्या बी. एफ. कीथने १८८५ मध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे एडवर्ड आल्बीच्या साथीने थिएटरांची साखळी उभारली. कीथच्या थिएटरांत कलावंतांइतकीच शिस्त प्रेक्षकांनाही लावली जाई. टोप्या काढा, शिट्ट्या मारू नका, पाय आपटू नका, अशा छापील चिठ्ठ्या द्वारपाल हातात ठेवत. रंगमंचामागे सूचना लावलेली असे, तीत ‘स्लॉब’ (गबाळा) यासारखा सौम्य शब्दही वर्ज्य ठरवला होता. व्यवस्थापकाला एखादे वाक्य खटकले की निळ्या पाकिटातून ते गाळण्याचा हुकूम येई. परिणाम दुहेरी झाला. गर्दी आणि उत्पन्न वाढले. पण गॅलरीतल्या स्वस्त तिकिटांच्या मोकळ्याढाकळ्या दादेवर वाढलेल्या विनोदवीरांना खालच्या खुर्च्यांतला थंडपणा जड गेला. अनेक थिएटरांत काळ्या प्रेक्षकांना गॅलरीतच बसवत. बर्ट विल्यम्ससारखा काळा कलावंत कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण असला, तरी त्याच्या लोकांना खाली जागा नसे.

नऊ ॲक्टची मांडणी
न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर २४ मार्च १९१३ रोजी उघडले आणि लवकरच या धंद्यातले सर्वोच्च व्यासपीठ ठरले. तिथले कार्यक्रम जुळवणाऱ्या जॉर्ज गॉटलिबने नऊ ॲक्टच्या मांडणीमागचा हिशेब स्पष्ट करून सांगितला आहे.

पहिला ॲक्ट मुका: कसरत, नाच किंवा जनावरे. लोक अजून येत असतात, खुर्च्या खडखडतात; संवाद असले तर ते ऐकूच जाणार नाहीत. दुसऱ्या जागी सहसा गाणारे जोडपे, म्हणजे सभागृह स्थिरावते. ही जागा सर्वांत कमी मानाची. कलावंत ती टाळायला धडपडत. तिसरा ॲक्ट प्रेक्षकांना जागे करणारा, बहुधा नाटुकले, कारण आता संवाद ऐकू येतात. चौथ्या जागी पहिले मोठे नाव. पाचवा त्याहून जोरदार, कारण मध्यंतरात बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी तोच राहायला हवा.

सहावी जागा सर्वांत फसवी. मध्यंतरात चढलेला रंग उतरू द्यायचा नाही, पण पुढच्यांपेक्षा भारीही पडायचे नाही. त्यात लोक अजून जागा शोधत असतात. म्हणून इथे विनोदी जगलरसारखा, शब्दांवाचून हसवणारा ॲक्ट शोभे. गंभीर गायिकेला इथे उभे केले तर पहिले गाणे वायाच जाई. सातवा ॲक्ट पूर्ण रंगमंच व्यापणारा, बहुधा नामवंत नटाचे नाटुकले. आठवी म्हणजे शेवटून दुसरी जागा मुख्य ताऱ्याची, आणि तो बहुधा एकटा विनोदवीर असे. नववा ॲक्ट डोळे दिपवणारा: झुल्यावरच्या कसरती, मोठे पथक. लोक कोट सावरत उठू लागलेले असतात, त्यांना जमेल तितके थोपवायचे. खेळ अखंड चालणाऱ्या थिएटरांत याउलट मुद्दाम कंटाळवाणा ॲक्ट शेवटी टाकत, म्हणजे बसून राहिलेले उठतील आणि खुर्च्या पुन्हा विकता येतील. अशा ॲक्टला ‘चेसर’ म्हणत.

रंगमंचाची खोलीही क्रम ठरवी. फूटलाइट्सच्या (रंगमंचाच्या पुढच्या कडेवरील दिव्यांच्या) मागे काही फुटांवर रंगवलेला पडदा सोडून त्याच्यापुढच्या पट्टीत होणारा ॲक्ट ‘वन’मधला; एकपात्री विनोद, जोडीची बतावणी, गाणे हे तिथे चाले. त्या वेळात पडद्यामागे पुढच्या मोठ्या ॲक्टचे सामान लागे. दोन मोठे ॲक्ट लागोपाठ आले की मध्ये रिकामा वेळ पडे, आणि रिकाम्या रंगमंचाइतके प्रेक्षक गमावण्याचे खात्रीचे साधन दुसरे नाही. ‘वन’मधल्या विनोदवीराला वेगळाच जाच: मागे ठोकाठोकी सुरू झाली की नेमका विनोदाचा शेवटचा शब्द बुडे.

सोमवारची कसोटी
मोठ्या थिएटरांत रोज दोन खेळ आणि आठवडाभर तोच कार्यक्रम असे. लहान थिएटरांत रोज तीन ते पाच-सहा खेळ आणि कार्यक्रम आठवड्यातून दोनदा बदले. आठवडा सोमवारी सुरू होई. सकाळी वाद्यवृंदाबरोबर तालीम असे, आणि ज्याचे स्वरलिपीचे कागद आधी पोचत त्याचा नंबर आधी लागे. दोघांच्या ॲक्टमध्ये एकच गाणे निघाले तर ते आधी आलेल्याचे. उशिरा आलेल्याने दुपारच्या खेळापर्यंत दुसरे बसवायचे.

दुपारचा खेळ संपला की व्यवस्थापक फेरमांडणी करी. थंड गेलेला ॲक्ट यादीत वर, म्हणजे आधीच्या जागी सरके, अनपेक्षित रंगलेला खाली, म्हणजे नंतरच्या जागी येई, लांबलेल्याची मिनिटे कापली जात, एखाद्याला निरोपच मिळे. कीथच्या साखळीतले व्यवस्थापक दर आठवड्याला प्रत्येक ॲक्टचा अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवत: किती मिनिटे, रंगमंच किती खोल, टाळ्या कशा पडल्या, काय गाळायला लावले. आयोवा विद्यापीठात जपलेले हे अहवाल वर्तमानपत्री परीक्षणांपेक्षा जास्त भरवशाचे. परीक्षणाला जाहिरातीची ओढ असे, अहवालाला फक्त पुढच्या करारांची.

पॅलेसच्या सोमवार दुपारच्या खेळाला धंद्यातलेच लोक मोठ्या संख्येने बसत. त्यांना सगळे विनोद आधीच पाठ असत, त्यामुळे हशा दुर्मीळ. तरी तिथल्या दादेवर पुढच्या हंगामाची कमाई ठरे.

टाळी कशी मिळे, कशी जाई
वेळ मोजका असे: एकपात्री विनोदाला दहा-पंधरा मिनिटे, नाटुकल्याला वीसच्या आसपास. त्यामुळे पहिल्या मिनिटात पकड बसलीच पाहिजे. अनुभवी जोडी सुरुवातीला सोपे, हमखास विनोद ठेवी आणि सर्वांत मोठा हशा आला की त्यावरच निघून जाई. त्यापुढे आणखी एक गाणे ओढले की कमावलेली टाळी विरे. टाळी नसताना वाद्यवृंदाला इशारा करून पुन्हा नमस्काराला येणे याला ‘बो चोरणे’ म्हणत. प्रेक्षकांना ते काही वेळा कळत नसे, व्यवस्थापकाला हमखास कळे. आपल्याकडे संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ जसा कधी खरा तर कधी बसवलेला असे, तसेच हे.

प्रेक्षकांच्या प्रतिसादातून ॲक्टचे रूपही बदले. विल रॉजर्स १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हॉडव्हिलमध्ये आला तेव्हा दोरीचे फास फेकून दाखवणारा मुका खेळ करत असे. तो बोलायला लागल्यावर हशा झाला, तो आधी त्याला अपमान वाटला. पुढे दोरी निमित्तमात्र उरली आणि बोलणे हाच ॲक्ट झाला. हूडिनीला १८९९ मध्ये ऑर्फियम साखळीच्या मार्टिन बेकने किरकोळ जादू सोडून बेड्यांतून सुटण्यावर भर द्यायला सांगितले, आणि तिथून त्याचे नशीब पालटले.

उघड नापसंती
स्वच्छ थिएटरांत नापसंतीचा अर्थ शांतता. न्यूयॉर्कच्या बाऊरी भागात मात्र हौशी कलावंतांच्या रात्री नुसता गोंधळ असे. मायनरच्या थिएटरात पडलेल्या गायकाला विंगेतून लांब आकडीने ओढून नेत आणि ‘आकडी आणा’ ही आरोळी प्रेक्षकांच्या तोंडी बसली. आयोवाच्या चेरी भगिनी तर वाईट असण्यासाठीच प्रसिद्ध झाल्या. १८९६ मध्ये ऑस्कर हॅमरस्टाइनने आपल्या ऑलिम्पिया थिएटरात त्यांना आणले ते लोक टर उडवायला येतील याच हिशेबाने, आणि लोक आले. एका जहरी परीक्षणावर भगिनींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्राच्या बाजूने निकाल दिला: जाहीर प्रयोग करणाऱ्याने जाहीर टीका सोसली पाहिजे.

रसेल बंधूंची अडचण वेगळी होती. आयरिश मोलकरणींची सोंगे घेण्याचा त्यांचा ॲक्ट वर्षानुवर्षे हशा मिळवत होता. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या आयरिश संघटनांनी थिएटरातच आरडाओरडा आणि फेकाफेक करून तो बंद पाडला. ॲक्ट बदलला नव्हता. त्यातल्या मोलकरणींची पुढची पिढी तिकीट काढून खुर्चीत बसू लागली होती.

चित्रपट आल्यावर
२९ जून १८९६ रोजी कीथच्या युनियन स्क्वेअर थिएटरात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. आठच दिवसांनी, ७ जुलैला, ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचली. पुढे कार्यक्रमाच्या शेवटी चित्रफीत लावण्याची पद्धत पडली. फिरत्या कलावंताला एकच पंधरा मिनिटे वर्षानुवर्षे पुरत, कारण दर आठवड्याला गाव नवे. रेडिओवर तोच मजकूर एका रात्रीत संपून जाई. १९२८ मध्ये कीथ-आल्बी-ऑर्फियम साखळीतून आर.के.ओ. ही चित्रपट कंपनी निघाली आणि १९३२ मध्ये पॅलेसही चित्रपटांकडे गेले. चित्रपटगृहांत दोन खेळांच्या मध्ये चार-पाच ॲक्ट काही वर्षे चालू राहिले, पण प्रेक्षक चित्रपटाच्या वेळा पाहून मध्येच येत आणि मध्येच उठत. पहिली, सहावी, आठवी जागा या हिशेबाला तिथे आधारच उरला नाही.