दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या समुद्री गुहा : होडीत बसण्याआधी एवढं वाचा

"सकाळी नऊची होडी मिळेल का?" असं बरेच जण विचारतात. होडी मिळेल, पण नऊला गुहेत शिरता येईल की नाही ते भरती-ओहोटीवर ठरतं.

पाळोळ्याहून उत्तरेला आगोंद, खोला आणि पुढे काब द रामपर्यंत वाळूचे पट्टे सोडले तर किनारा खडकाळ आहे. लाट खडकाच्या भेगेत घुसली की आतली हवा दाबली जाते, आणि लाट मागे सरताच सुटते. हे वर्षानुवर्षं चालून भेगांच्या कपारी होतात, कपारींच्या गुहा. आतून 'धुम्म' असा आवाज येतो तो या हवेचाच.

पूर्ण भरतीला गुहेचं छप्पर डोक्याशी येतं, पूर्ण ओहोटीला तोंडाशी खडपं उघडी पडतात. म्हणून मधली वेळ बरी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं-उतरतं, त्यामुळे फार थोडा वेळ मिळतो. तारीख तुमच्या हातात असेल तर अष्टमीच्या आसपास या. तेव्हा भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, आणि निवांत पाहता येतं. शक्यतो सकाळीच, कारण दुपारी वारा सुटतो.

गुहेच्या तोंडाशी तांडेल (होडी चालवणारा) होडी थांबवून काही लाटा नुसत्या बघत राहतो. कंटाळू नका. वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळाची मोठी लाट मध्येच येते, तो तिचीच वाट बघत असतो. मग इंजिन बंद करून वल्ह्यावर आत. भिंतीवर शिंपल्यांचा पांढरा खरखरीत पट्टा दिसेल. भरतीचं पाणी साधारण तिथवर चढतं. त्याला हात लावू नका, ब्लेडसारखा कापतो.

तांडेल "आज आत नाही" म्हणाला तर आग्रह करू नये, ही कळकळीची विनंती. बाहेरून कडे दाखवू, डॉल्फिन दिसले तर तेही.

लाइफ जॅकेट लहान-थोर सगळ्यांना सक्तीचं. पोहता येत असलं तरी. गुहेत पाण्यात उतरू देत नाही. आगोंदच्या वाळूत कासवं अंडी घालतात, तिथे प्लॅस्टिक टाकू नका.

पावसाळ्यात फेऱ्या बंद. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीच्या होड्या निघालेल्या दिसतात, पण त्या खोल पाण्यात जातात. आम्हाला खडकाला खेटून जायचं असतं, म्हणून सप्टेंबर सरेपर्यंत थांबतो.

आदल्या संध्याकाळी फोन करा, भरतीची वेळ बघून निघायची वेळ सांगू. समुद्रामुळे फेरी रद्द झाली तर पैसे पूर्ण परत.